तहानलेली वीट

नेदेल्का सकाळपासून तुतीखालच्या बाकावर ठाण मांडून बसली होती. समोर, बांधकाम शाळेच्या आवारात, तिची सून यान्का भिंतीचा कोपरा चढवत होती. यान्काकडे गवंडीकामाचा कागद होता, पण बल्गेरियाचा. ऑस्ट्रियात त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. सासूनं हाताला धरून तयार केलेली ही पोरगी तिथं नुसती सिमेंटच्या मालाची घमेली वाहत होती. आज तिकडचा परीक्षक इथं, बल्गेरियात आला होता. कोपरा पसंत पडला तर ती तिथंही गवंडीण, नाहीतर पुन्हा घमेलं.

बाहेरच्यानं चकार शब्द काढला तर परीक्षा रद्द, असं शाळेच्या क्रस्त्यो मास्तरांनी बजावलं होतं. नेदेल्का गप्प होती. पाण्यानं भरलेली बादली तिनं आधीच विटांशेजारी नेऊन ठेवली होती. घरचा नियमच तो. वीट आधी पाणी पिते, मग भिंतीत बसते.

यान्का पाठमोरी वाकली, तिनं एक वीट उचलली आणि पायानं बादली दूर सारली.

"अगं ए भवाने, बादली!"

"काकू, बोलायचं नाही!" मास्तर ओरडले.

"मी बादलीशी बोलतेय."

परीक्षकानं मास्तरांना काहीतरी विचारलं. मास्तरांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "ते विचारतायत, यान्का, त्या तुला पढवतायत का?"

नेदेल्कानं तोंडावर हात दाबला. आपल्याच जिभेनं पोरीचं वाटोळं केलं की काय!

यान्कानं हात पुसले. "आमच्याकडे वीट भिजवतात. पण आधी जीभ लावून बघतात. चिकटली तर वीट तहानलेली. ही चिकटत नाही, कडक भाजलीय. भिजवली तर मालावरून घसरेल. हे मला आईंनीच शिकवलंय."

"मग आत्ता त्या काय ओरडल्या?" मास्तरांनी विचारलं.

"ऊन फार आहे. त्यांना तहान लागली असेल."

खरंच, जीभ लावायला नेदेल्कानंच शिकवलं होतं. आणि आज बाकावर बसल्या बसल्या तिनं विटेला तहानलेली ठरवून टाकलं होतं.

परीक्षक भिंतीकडे वळला. कोपरा सरळ आहे का बघायला त्यानं ओळंबा सोडला. दोरी हलायची थांबेपर्यंत नेदेल्कानं श्वास घेतला नाही. मग तो पुष्कळ बोलला, आणि मास्तरांनी त्याचं सार सांगितलं. वीटकाम ऑस्ट्रियातल्या गवंड्यांच्या बरोबरीचं धरलं. गिलाव्याचं धरता येत नाही, तिकडे तो वेगळा धंदा आहे.

"म्हणजे अर्धी गवंडीण?" नेदेल्का उसळली. "तिकडे गिलावा काय न्हावी करतो?"

"आई, घमेलं सुटलं ना," यान्का म्हणाली.

नेदेल्कानं तिच्याकडे बघितलं. "सुटलं खरं. पण तिकडच्या विटेलाही आधी जीभ लाव. माझ्यावर जाऊ नकोस."

मग तिनं ती बादली पुढ्यात ओढली आणि सुनेची थापी धुवायला घेतली.