बेसवरचं कुंकू

रविकिरणनं त्या गिटारीमागं तीन महिन्यांचे सगळे रविवार घातले होते, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर पुढं तो जसा वागला त्यावरून तुम्ही त्याला राक्षस ठरवून मोकळे व्हाल, आणि तसा तो नाही. कॉलेजातली त्याची बेस गिटार, चार जाड तारांची, काळा रंग पोपडे धरून उडालेली, बारा वर्षं माळ्यावर पडून होती. जुलैत त्यानं ती खाली काढली, तारा-खुंट्या सोडवल्या, गरम हवेच्या गननं जुना रंग सुटा केला आणि बेंगळूरच्या मारतहळ्ळीत आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत पॉलिश पेपरनं घासत बसला. घासायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं. मग सीलर, मग सायीच्या रंगाचं लॅकर, स्प्रेच्या डब्यानं, पातळ पातळ दहा हात. दिवसभर कंप्युटरपुढं बसणाऱ्या माणसाला आपल्या हातानं काही होतंय याचं कोण कौतुक! शेवटचा हात झाल्यावर त्यानं गिटारीचं नुसतं धड तारेनं कपड्यांच्या दांडीला टांगलं आणि घरात जाहीर केलं, "वरून वाळलेलं दिसतं, आतून ओलं असतं. महिनाभर कुणी बोटसुद्धा लावायचं नाही."

वसुमतीबाईंनी ते ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

वसुमतीबाई म्हणजे त्याची आई. नवरा गेल्यावर होसकोट्याचं भाड्याचं घर सोडून दीड वर्षापूर्वी त्या इथं आल्या, आणि आल्यापासून काही ना काही बिघडवतच होत्या, निदान त्यांना तरी तसं वाटायचं. नॉनस्टिक तव्यावर स्टीलचं उलथणं फिरवलं. तुळशीला पाणी घातलं, ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळलं. सून सुप्रीता चकार शब्द बोलायची नाही. "असू दे अत्ते," एवढंच; सासूला ती कन्नड धर्तीवर अत्ते म्हणायची. पण ते "असू दे" वसुमतीबाईंच्या छातीवर बसायचं. एखाद्या दिवशी ते संपलं तर? होसकोट्याच्या घरात आता दुसरंच बिऱ्हाड होतं.

आणि खंडेनवमी आली. या दिवशी बेंगळूरात रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळ्याला कुंकू लागतं. रविकिरण आणि सुप्रीता गाडीपुढं कोहळा फोडायला खाली गेले. वर वसुमतीबाई तबक घेऊन घरभर फिरल्या, मागोमाग स्वैपाकाची कावेरी. गॅस, मिक्सर, इस्त्री, शिवणाची कात्री, लॅपटॉप, एकेकाला हळद-कुंकू झालं. कावेरी स्वैपाकघरात परतली आणि वसुमतीबाई बाल्कनीच्या दारात थबकल्या. आज अडकित्त्यालासुद्धा कुंकू, आणि पोराचं वाद्य तेवढं कोरडं राहायचं? बोट लावायचं नाही म्हणाला होता खरा, पण कुंकू लावणं म्हणजे काय बोट लावणं झालं? कोरडं टिकेना, म्हणून त्यांनी ते पाण्यात कालवलं आणि अनामिकेनं मधोमध ठसठशीत टिळा लावला.

बोट उचललं, तर खाली रंग मऊ लागला. कुंकू आत उतरत चाललेलं. अगं बाई! त्यांनी घाईघाईनं पदरानं पुसलं, आणि मग तर वाटोळंच झालं. बोटभर टिळ्याचा तळहाताएवढा लाल फराटा, आणि त्यात पदराचं विणकाम जसंच्या तसं उमटलेलं. तेवढ्यात दाराचं लॅच वाजलं.

"आई गं!" बाल्कनीतून रविकिरणचा आवाज आला, आणि ती काही आईला मारलेली हाक नव्हती. "कुणी केलं हे?"

वसुमतीबाई देवघरापुढं उभ्या होत्या. "मी" हा केवढासा शब्द! पण त्या देवापुढची फुलं सारखी करत राहिल्या. कावेरी आवाज ऐकून बाहेर आली. स्वतःच्या स्कूटीसाठी ती उरलेलं कुंकू कालवत होती, बोटं लालभडक. रविकिरणनं ती बोटं पाहिली. वसुमतीबाईंच्या पदराचं टोकही लाल होतं, पण ते त्यांनी कमरेला खोचलं होतं. हो, खोचलं होतं, आणि ते उगीच नव्हतं. कावेरीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, खोचलेल्या पदराकडे पाहिलं, आणि कन्नडात म्हणाली, "होय सार. मीच लावलं."

रविकिरण ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "सांगून ठेवलं होतं ना मी?" एवढं म्हणाला, आणि मग, "उद्यापासून येऊ नकोस." सुप्रीतानं "सणाचा दिवस आहे रे" म्हणून पाहिलं, तर तो तिच्याकडे पाठ करून बाल्कनीत निघून गेला. आणि वसुमतीबाई? त्या निरांजनाची वात पुढं सारत बसल्या. लाज वाटत होती, इतकी की कान तापले होते.

लिफ्टपाशी त्यांनी कावेरीला गाठलं. "का गं असं बोललीस?"

कावेरी चप्पल घालत होती. "मला अजून तीन घरं आहेत, अम्मा," ती म्हणाली. "तुम्हाला हे एकच." लिफ्ट आली आणि ती गेली.

काय म्हणावं याला! जी भीती वसुमतीबाईंनी देवापुढंसुद्धा कधी बोलून दाखवली नव्हती, ती रोज तासभर येणाऱ्या बाईनं वाचली होती, आणि वर त्यांना पाठीशीही घातलं होतं. दसऱ्याच्या पुरणपोळीचा घास त्यांच्या तोंडात नुसता फिरत राहिला. नवी स्वैपाकीण आली. तिच्या सारात मीठ जास्त पडलं तेव्हा "कावेरी बरी होती" असं रविकिरणच म्हणाला, आणि वसुमतीबाई पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेल्या. चोराला पोलिसाची भीती वाटत असेल. त्यांना पानं वाढायच्या वेळेचीसुद्धा वाटायला लागली.

पाचव्या दिवशी सकाळी रविकिरण कॉफी पीत त्या डागाकडे बघत उभा होता. वसुमतीबाई त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "ते कुंकू मी लावलं. पुसायला गेले तीही मीच. कावेरीनं हातसुद्धा लावला नव्हता." एवढं बोलून त्यांनी डोळे गच्च मिटले.

ऐकू काय आलं? हसू.

"तू? अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना! मी काय तुला खाल्लं असतं?" त्यानं कप ठेवला आणि आईच्या खांद्यावर हात टाकला. "मग राहू दे की. आईनं लावलेलं कुंकू ते! कोण घासून काढतंय? वरून नुसतं क्लिअर लॅकर मारतो." सुप्रीतानं तर त्यांना गिटारीशेजारी उभं करून फोटो काढला. "हसा ना अत्ते!"

अत्ते हसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. डाग तोच, कुंकू तेच. कावेरीचं होतं तोवर तिच्या पोटावर पाय आला, आणि आपलं ठरताच त्याचा आशीर्वाद झाला. आणि ज्याला भिऊन आपण पाच दिवस गप्प राहिलो ते हे एवढंच? फाडकन तोंडात बसली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

"आणि कावेरी?" त्यांनी विचारलं.

रविकिरणचं हसू मावळलं. खरंच मावळलं, तेवढा तो चांगला. "बोलाव ना तिला. माझं सॉरी सांग," तो म्हणाला. "मला फार ऑकवर्ड होईल, आई. तूच जा."

कावेरीची खोली मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. ती मेथी निवडत बसली होती. वसुमतीबाईंना दारात पाहून लगबगीनं उठली, घरातली एकुलती एक खुर्ची पुसून पुढं केली. वसुमतीबाई बसल्या नाहीत.

"मी घरी सांगितलं," त्या म्हणाल्या. "सगळं सांगितलं. तू उद्यापासून ये."

"अय्यो! कशाला सांगितलंत? माझं चाललं होतं ना." कावेरी जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "सार फार ओरडले का?"

खरं ते अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगायचं कसं? ज्याच्यापायी तू आपलं काम घालवलंस त्यावर माझा लेक हसला, सुनेनं फोटो काढला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"फार," वसुमतीबाई म्हणाल्या. "फार ओरडला."

"ठाऊकच होतं मला," कावेरी म्हणाली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिली. "रडू नका अम्मा. घराबाहेर काढलं नाही ना? मग झालं तर."