दोन दिवसांसाठी बसवलेला पुठ्ठा

मी पुठ्ठा बोलतोय. हसलात ना? हसा. पुठ्ठ्याने बोलावं अशी वेळ आली, यात माझा काही दोष नाही.

विमानतळाच्या प्रवासी इमारतीत तिसऱ्या दाराजवळ एक खांब आहे. त्यावर निळं बटण आहे. ज्यांना चालवत नाही त्यांनी ते दाबायचं. मग बटणाभोवती हिरवा दिवा लागतो, तिकडे व्हीलचेअरच्या खोलीत घंटा वाजते आणि कोणीतरी खुर्ची ढकलत येतं. खांबामागच्या भिंतीत लोखंडी पेटी आहे, तिच्या दाराला जाळी आहे. त्या पेटीत एका प्लगच्या पाठीला पाठ लावून मी राहतो. दोन बोटं रुंद, चार घड्या घातलेला. मी नीट उभा असेन तर घंटा वाजते. मी घसरलो तर दिवा लागतो, पण घंटा वाजत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला.

जन्माने मी एका खोक्याचा कोपरा. त्या खोक्यातून बोर्डिंग पास छापायचं नवं यंत्र आलं. यंत्राभोवती सगळे जमले आणि खोकं पायाने भिंतीकडे सरकवलं गेलं. माझ्या अंगावर अर्धी छत्री आणि वर जाणारा एक बाण छापलेला आहे. उरलेली अर्धी छत्री कोणाच्या वाट्याला गेली, देव जाणे. मीही रद्दीतच जायचो, पण त्या दिवशी एक म्हातारं जोडपं या खांबापाशी येऊन बसलं.

आजींना गुडघ्यांमुळे उभं राहवत नव्हतं. आजोबांनी बटण दाबलं. "बघ, लागला दिवा. येतायत," ते म्हणाले. दहा मिनिटांनी पुन्हा दाबलं. "येतील गं. दिवा लागलाय ना!" असं पाऊण तास चाललं. मग त्यांचं विमान त्यांच्याशिवाय गेलं. आजोबा कोणावर ओरडले नाहीत. ते खांबाकडेच बघत म्हणाले, "अहो, पण दिवा तर लागला होता." आजींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. मी शेजारी पडलेलं खोकं होतो, मला त्या दोघांकडे बघवेना.

मग पक्कडभाऊ आले. इमारतीतली सगळी यंत्रणा, म्हणजे विमानांच्या वेळांचे फलक, चेक-इनची यंत्रं, सामानाचे पट्टे, ही बटणं, यांच्या देखभालीचं कंत्राट ज्या कंपनीकडे होतं तिचे हे तंत्रज्ञ. मागच्या खिशात कायम पक्कड, म्हणून सगळे त्यांना पक्कडभाऊ म्हणायचे. खरं नाव त्यांच्या घरच्यांना ठाऊक असेल.

त्यांनी पेटी उघडली. प्लग धरून ठेवणारी कडी तुटली होती. बाहेरून सामानाच्या ट्रॉल्या खडखडत गेल्या की प्लग केसभर मागे सरकायचा आणि असा सरकत सरकत निसटायचा. तसला प्लग आता कोणी बनवत नव्हतं. भाऊंनी खोक्याचा कोपरा कापला, घड्या घातल्या आणि मला फटीत ठोकून बसवलं. "दोन दिवस काढ बाबा," ते मला म्हणाले, "तोवर करतो काहीतरी." घाईत त्यांनी मला उलटं बसवलं, त्यामुळे माझा बाण खाली बघत राहिला. त्या दोन दिवसांना आता सहा वर्षं झाली.

बिघाडाची नोंद का नाही केली, असं तुम्ही विचाराल. करायला निघालेच होते. वही गुडघ्यावर, पेनाचं टोपण दातात. तेवढ्यात त्यांचे सुपरवायझर आले.

"लिहिलंस तर मला खुलासा द्यावा लागेल. चालू झालंय ना?"

"झालंय."

"मग बिघाड आहे कुठे?"

भाऊंनी टोपण लावलं.

पुढे सुपरवायझरने सांगायची गरजही उरली नाही. भाऊंनाच त्या कोऱ्या वहीची चटक लागली. बिघाड लिहावा लागला म्हणजे आपला हात कमी पडला, असं त्यांच्या डोक्यात बसलं. इमारतभर माझी भावंडं तयार झाली. कुठे छपाईच्या यंत्राला रबरबँड, कुठे सामानाच्या पट्ट्याच्या सेन्सरखाली चमच्याचा तुटका दांडा, कुठे फलकामागे घडी घातलेलं मोज्याचं कापड. वहीत आमचा उल्लेख नव्हता. एका वर्षी कंपनीने त्यांना 'शून्य बिघाड' असं प्रशस्तिपत्र दिलं. ते त्यांनी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं. झाकण उघडलं की ते दिसायचं आणि भाऊंची मान ताठ व्हायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

रोज सकाळी कामावर आले की ते आधी माझ्याकडे येत. पेटी उघडून मला अंगठ्याने दाबत आणि बाहेर जाऊन बटण दाबत. मग कमरेच्या वॉकीटॉकीतून व्हीलचेअरच्या खोलीतल्या मावशींचा आवाज येई. "वाजली रे बाबा! रोज काय वाजवतोस, मी कानाने धड आहे अजून." भाऊ हसत आणि पुढच्या भावंडाकडे जात. ही सकाळची फेरीही वहीत नव्हती.

अशातच कंत्राटाची मुदत संपत आली. नव्या निविदेचे कागद निघाले आणि निविदा भरणाऱ्या कंपन्या यंत्रणा पाहायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी भाऊ पेटी पुसत होते. मावशी रिकामी खुर्ची घेऊन जाता जाता थांबल्या.

"अरे, उद्या तो पुठ्ठा काढून ठेव. बघू दे त्यांना, इथे काय काय सांभाळावं लागतं ते."

"मावशी, चार लोकांसमोर माझं बटण बंद पडलेलं दाखवू? नाक कापून घेऊ स्वतःचं?"

"नाक जाऊ दे. नोकरी गेली तर?"

"असं कसं जाईल? कंपनी बदलली तरी माणसं तीच ठेवतात. काम दुसऱ्या कोणाला येतं इथलं?"

दुसऱ्या दिवशी दहा-बारा जण आले. कंत्राट विभागाच्या मॅडम पुढे आणि पक्कडभाऊ इस्त्रीच्या शर्टात मागे. पेटी उघडली. बहुतेकांनी फोटो काढले आणि घड्याळात बघितलं. एक इंजिनियर बाई मात्र वाकल्या. मला बघून म्हणाल्या, "हे काय आहे?"

सांगा भाऊ, आता तरी सांगा, असं मला वाटत होतं.

"काही नाही हो. वायर हलू नये म्हणून असंच," भाऊ म्हणाले.

"काढला तर काय होतं?"

"काय व्हायचंय? काहीच नाही."

बाईंनी बोटाने मला जरा चाचपलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या उठल्या. सगळे पुढच्या दाराकडे गेले. भाऊंनी दार लावता लावता माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

महिन्याभराने मॅडम एकट्याच आल्या. भाऊ पेटीपाशीच होते, म्हणून मला शब्द न शब्द ऐकू आला.

"तुम्हाला पत्र येण्याआधी आपण सांगावं असं वाटलं. कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं. ते लांबून, कॉम्प्युटरवरून लक्ष ठेवणार. महिन्यातून एकदा माणूस येईल. कायमची माणसं ठेवणार नाहीत."

"आणि आम्ही तिघं तंत्रज्ञ?"

मॅडम म्हणाल्या, "एका कंपनीने चोवीस तास माणसं हवीतच असं लिहिलं होतं. त्या बाई आल्या होत्या ना, त्यांची. पण समितीने बिघाडांची वही काढली. गेल्या दीड वर्षात दोन नोंदी! एवढ्याला इतकी माणसं कशाला, म्हणून त्यांचे गुण कापले. खरं सांगू? तुम्ही यंत्रणा इतकी छान ठेवलीत की..."

त्या दोन नोंदी मला माहीत आहेत; दोन्ही भाऊंच्या जोडीदारांनी लिहिलेल्या. एक भाऊंच्या मुलीच्या लग्नाच्या दिवसाची, दुसरी त्यांना कावीळ झाली होती तेव्हाची. बाकीचे सगळे दिवस ते कामावर होते.

"मॅडम, ती वही खरी नाही," भाऊ म्हणाले.

"म्हणजे?"

"बिघाड व्हायचे. रोज व्हायचे. मी लिहायचो नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "हे आज सांगताय? निविदा उघडल्या, गुण दिले, पत्र गेलं. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्या बाईंनी तुम्हाला विचारलं होतं. मी शेजारीच उभी होते."

"चूक झाली."

"मी वर सांगेन. पण काय म्हणतील ते तुम्हाला कळतंय ना? नोकरी जातेय म्हणून आता बोलतोय, असंच म्हणतील." जाता जाता त्या थांबल्या. "निदान ताबा देताना सगळं नीट लिहून द्या. तेवढं करा."

त्या वर बोलल्या की नाही, मला कळलं नाही. पत्र मात्र बदललं नाही.

ताबा द्यायच्या दिवशी नव्या कंपनीचा माणूस टॅब घेऊन आला. त्याला संध्याकाळपर्यंत चाळीस पेट्या उरकायच्या होत्या, त्यामुळे बिचारा धावतच होता.

"उघडू नका दादा. फोटोत दार बंदच लागतं."

"आत एक पुठ्ठा आहे. त्याची नोंद कर."

"पुठ्ठा?" तो हसला, पण भाऊंचा चेहरा बघून त्याने टॅबवर बोट फिरवलं. "यादीत नाहीये. 'इतर'मध्ये टाकून बघतो." थोडा वेळ गेला. "घेत नाही हो. भागाचा क्रमांक मागतंय."

"त्याला क्रमांक नाही."

"मग कसं करू? आमच्या पडद्यावर ही पेटी हिरवी दिसतेय दादा. वीज आहे, सगळं आहे."

"वीज असतेच रे. घंटा वाजते का, ते दिसतं का तुमच्या पडद्यावर?"

त्याला ते ठाऊक नव्हतं. "मी विचारून सांगतो," असं म्हणून तो पुढच्या पेटीकडे गेला. अजून विचारतोच आहे.

भाऊ एकटे उरले. त्यांनी पेटी उघडली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला बाहेर काढलं. मी चपटा झालो होतो, घड्यांवर काळा पडलो होतो. त्यांनी मला टूलबॉक्सच्या झाकणावर ठेवलं, टोपण दातात धरलं आणि माझ्या अंगावर लिहिलं:

"हा काढू नये. प्लगची कडी तुटली आहे. हा घसरल्यास दिवा लागतो, घंटा वाजत नाही. रोज तपासावे."

खाली तारीख घातली आणि सही केली. त्या सहीत मला त्यांचं खरं नाव पहिल्यांदा दिसलं. एवढ्या वर्षांत यंत्रणेच्या बिघाडाची त्यांनी केलेली ही पहिली खरी नोंद, आणि ती माझ्यावर आहे. या वेळी त्यांनी मला सुलट बसवलं, बाण वर. बाहेर जाऊन बटण दाबलं.

"वाजली रे बाबा," मावशींचा आवाज आला. मग जरा थांबून, "तू बरा आहेस ना?"

भाऊंनी वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली घेतली. ती त्यांना संध्याकाळी परत करायची होती.

याला पाच महिने झाले. दर महिन्याला माणूस येतो, बंद दाराचा फोटो काढतो आणि जातो. मावशी येता-जाता बटण दाबून 'वाजली का' असं खोलीत विचारायच्या, पण मागच्या महिन्यात त्यांची दुसऱ्या इमारतीत बदली झाली. वरच्या एसीच्या नळीतून पाणी ठिबकतंय. पहिल्यांदा माझी वरची कड भिजली, मग घड्या मऊ पडल्या. मी होता होईल तेवढा नेट लावला हो! पण ओल्या पुठ्ठ्यात जोर तो किती? ट्रॉली गेली की प्लग मला केसभर मागे रेटायचा. आज सकाळी ट्रॉल्यांची लांबलचक रांग गेली आणि मी घसरलो. आता पेटीच्या तळाशी आडवा पडलोय. शाई पसरायला लागली आहे. 'घंटा' हा शब्द अजून वाचता येतो.

म्हणून मघाशी म्हटलं, माझ्यावर बोलायची वेळ आली. भाऊंना माझा राग नाही. हात सोन्याचा होता त्यांचा, पण त्या हाताला लिहायची लाज वाटली. तुमच्यापैकी कोणी असं काही गुपचूप सांभाळत असेल, तर कृपा करून ते आजच लिहून ठेवा. वही खराब दिसली तरी चालेल.

आणि तिसऱ्या दारावरून जात असाल तर जरा थांबा. जाळीतून मला दोघी बहिणी दिसताहेत. थोरलीच्या पायाला प्लास्टर आहे. धाकटीने बटण दाबून आता वीस मिनिटं होत आली. व्हीलचेअरची खोली इथून जेमतेम शंभर पावलांवर आहे. तिथे चार खुर्च्या रिकाम्या असतील आणि आज बरी शांतता आहे असं तिथल्या खुर्च्या ढकलणाऱ्या मुलींना वाटत असेल. इकडे थोरली उठायला बघतेय आणि धाकटी तिला खांद्याला धरून खाली बसवतेय. "ताई, बस गं. दिवा लागलाय. येतायत."

तिला कोणीतरी सांगा हो, घंटा वाजलेली नाही.