वगळलेला मोहल्ला

देगलूरच्या त्या मोहल्ल्याला बँकेतली माणसं 'तिकडचा भाग' म्हणत. तिकडून घरकर्जाचा अर्ज आला की त्यात काही ना काही उणीव निघायची आणि फाइल कपाटात पडून राहायची. वर्षाराणी त्या शाखेत कारकून होती. चार वर्षं तिनं हे पाहिलं आणि एके दिवशी नोकरी सोडली. माहेरी लातूरला येऊन संस्था काढली. बँका ज्यांना दारात उभं करत नाहीत, त्यांना घरकर्ज मिळवून द्यायचं, एवढंच काम.

मोहल्ल्यात तिला पहिली साथ दिली रहमतबीनं. शिवणकाम करणाऱ्या या बाईनं घरोघर हिंडून चाळीस बायकांचे कागद गोळा केले.

पण बँकेच्या मोठ्या साहेबांनी तडजोड पुढे केली. लातूर-अहमदपूरचे दीडशे अर्ज महिन्याभरात मंजूर करतो, देगलूरचं पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष येणार नाही, हे वर्षाराणीला तेव्हाच कळलं होतं. तरी दीडशे घरांकडे बघून तिनं मान डोलावली. रहमतबीला फोनवर सांगितलं, जरा उशीर होतोय, पुढच्या वर्षी नक्की. असं तिनं तीन वर्षं सांगितलं. मग रहमतबीचे फोन येईनासे झाले आणि वर्षाराणीला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा वर्षं गेली. संस्थेनं नेटानं लावून धरल्यावर बँकेनं लेखी आदेश काढला, राहण्याचा भाग बघून कुणाचा अर्ज नाकारायचा नाही. नांदेडला वर्षाराणीचा सत्कार झाला. शाल-श्रीफळ घेताना तिला सारखी रहमतबी आठवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती देगलूरच्या एसटीत बसली.

रहमतबी त्याच भाड्याच्या खोलीत शिवत बसली होती. आदेश ऐकून तिनं विचारलं, पासष्टीच्या बाईला देतील का? वयाची अट वर्षाराणीला पाठ होती. पासष्टीची बाई त्यात बसत नव्हती. मग तिनं तडजोडीचं सगळं सांगून टाकलं.

मशीन थांबलं.

"न्हाई म्हणला असता तरी चाललं असतं, ताई," रहमतबी म्हणाली. "दुसरीकडं कुठं बघितलो असतो. तवा जागा आमच्या आवाक्यात होती. तुमी पुढच्या वर्षी म्हणलाव, म्हणून थांबलो."

"माझं चुकलं, आपा."

"चुकलं तुमचं, आलं माझ्यावर. बायका म्हणतात, रहमतबीनं कागद दाबले. गौरम्मा पोरीच्या लग्नालाबी मला बोलावली न्हाई."

हे वर्षाराणीला ठाऊकच नव्हतं. ती हात जोडू लागली, तेव्हा रहमतबीनं चपला पायात सरकवल्या.

"माफी मला नको. त्यांना चलून सांगा."

पहिल्या घरी शबानानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि आत निघून गेली. दुसऱ्या घरी अर्ध्यातच दार लागलं. मोहल्ल्याच्या कडेला राहणाऱ्या गौरम्मानं शेवटपर्यंत ऐकलं. मग बाजेवर सरकून रहमतबीला जागा करून दिली. वर्षाराणीला कुणी बस म्हणालं नाही. ती दाराशी उभी राहिली.

चाळीसपैकी नऊजणी वारल्या होत्या, काही गाव सोडून गेल्या होत्या. उरलेल्या घरांना दोन दिवस लागले.