क्राकुफ्योर्दच्या नऊ वह्या

स्टेनवोरने प्रबंधासाठी आणलेले तीनही विषय तिच्या शिक्षिका हाल्बेरा यांनी बाजूला सारले. "संगणकासमोर बसून लोकांच्या टिप्पण्या मोजशील आणि त्याला माध्यमशास्त्र म्हणशील," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा माणसं रेडिओ ऐकतात तेव्हा काय करतात ते बघून ये. अजून ऐकणारी शिल्लक आहेत तोवर."

म्हणून मार्चअखेरीस ती अकुरेयरी शहरातून गाडी घेऊन निघाली आणि क्राकुफ्योर्द खाडीच्या नऊच्या नऊ घरांत एकेक कोरी वही ठेवून आली. काम सोपं होतं. दुपारच्या बातम्या झाल्या की रेडिओवर निधनवार्ता वाचतात. त्या आठवडाभर ऐकायच्या आणि काय ऐकलं, तेव्हा हातात कुठलं काम होतं, ते लिहायचं. त्या खाडीकाठी निधनवार्ता चुकवणारं माणूस मिळणं कठीण. कोण गेलं हे एरवी कळणार तरी कसं?

पंधरा दिवसांत वह्या टपालाने परत आल्या. आर्नफ्रीदुर नावाच्या म्हातारीच्या वहीत बुधवारच्या पानावर लिहिलं होतं: 'आपला हॉल्ट शेतावरचा थोरबेर्गुर येन्ससोन गेला. मृताच्या इच्छेनुसार अंत्यविधी शांतपणे पार पडला, असं सांगितलं. बटाटे सोलत होते. सुरी खाली ठेवली.' पुढच्या वहीत तेच नाव, तेच शब्द. त्यापुढच्या वहीतही.

स्टेनवोरला वाईट वाटलं. थोरबेर्गुर तिच्या चांगला लक्षात होता. उंच, एकटा राहणारा मेंढपाळ. "पेन्सिलीने लिहिलं तर चालेल ना?" असं त्याने दोनदा विचारलं होतं. आठ वह्या वाचून झाल्यावर नववी हाती आली ती त्याचीच. अर्धवट राहिलेली कोणीतरी पाठवून दिली असेल, असं म्हणत तिने ती उघडली.

बुधवारी त्याने लिहिलं होतं: 'आज माझी वाचली. शब्द नीट होते. मेंढ्यांना चारा घालून आलो होतो, बूट काढत होतो.' खाली गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. त्याच पेन्सिलीने, त्याच अक्षरात.

तिने त्या बुधवारचं ध्वनिमुद्रण मिळवलं. चार नावं होती. त्यांत थोरबेर्गुरचं नव्हतं. तिसऱ्या आणि चौथ्या नावाच्या मध्ये कागद उलटल्याचा आवाज होता, बाकी काही नाही. तिने तो तुकडा वीसेक वेळा ऐकला.

"एकाने चुकून ऐकलं, बाकीच्यांना फोन केले आणि सगळ्यांनी लिहून टाकलं," हाल्बेरा म्हणाल्या. "अफवा अशीच चालते."

"आणि त्याने स्वतः का लिहिलं?"

हाल्बेरा चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "ते मला काय विचारतेस? त्याला विचार."

एप्रिलच्या स्वच्छ उन्हात स्टेनवोर पुन्हा तिकडे गेली. वाटेत आर्नफ्रीदुरकडे थांबली.

"थोरबेर्गुरकडे चाललेय."

"जा हो पोरी. दार उघडंच असेल. त्याने कधी कुलूप म्हणून लावलं नाही. फार सरळ माणूस होता."

"होता काय म्हणता? तुमच्या कुंपणापलीकडे ट्रॅक्टर चालवतोय तो कोण मग?"

आर्नफ्रीदुर खिडकीशी गेली. ट्रॅक्टर तिलाही दिसत होता, त्यावरचा माणूसही. तिने काचेवर हलकेच बोट टेकवलं. "तोच तो," ती मायेने म्हणाली. "कामाला भारी होता."

तिने दिलेली कॉफी तशीच टाकून स्टेनवोर निघाली.

थोरबेर्गुरच्या स्वयंपाकघरात टेबलावर सात केक होते, एकालाच सुरी लागलेली होती.

"पायरीवर ठेवून जातात," तो म्हणाला. "दार वाजवत नाहीत. घे की, एकट्याला संपत नाहीत."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"घरोघरी जाऊन आलो. बसवतात, कॉफी ओततात. माझ्याकडे बघून डोळे पुसतात. मी बोलतो ते ऐकतात, पण पुढे काही बोलतच नाहीत. स्वप्नात आलेल्या माणसाला आपण कुठे उत्तर देतो?"

"राग नाही येत?"

"कुणावर काढू? एकही जण वाईट वागत नाही गं. हीच तर अडचण आहे." त्याने खडबडीत तळहात टेबलावर पालथे ठेवले. "तू रेडिओचं शिकतेस ना? मग रेडिओवरूनच सांग. जिथून गेलो तिथूनच परत यायला हवं."

तिने ते केलं. जाहिराती घेणारा माणूस फोनवर हसला. "जिवंत असल्याची जाहिरात? आमच्याकडे पहिलीच!" पण त्याने घेतली. गुरुवारी दुपारी निधनवार्तांच्या लगेच नंतर ती वाचली गेली: क्राकुफ्योर्दच्या हॉल्ट इथले थोरबेर्गुर येन्ससोन हयात आणि ठणठणीत असून मित्रांना, शेजाऱ्यांना नमस्कार कळवतात. स्टेनवोरने स्वतःच्या कानांनी ऐकलं, फोनवर ध्वनिमुद्रितही केलं, आणि लगोलग आठही घरी फोन लावले.

सगळे ऐकत होते. दोन नावं झाली, मग जरा खरखर झाली, मग गाणं लागलं. आठही घरांत हेच. तिने ते ध्वनिमुद्रण आर्नफ्रीदुरला फोनवरून ऐकवलं.

"ऐकलंत?"

"काय गं? तुझ्याकडे वारा फार आहे वाटतं."

शेवटचा फोन तिने हॉल्टला केला. "तुम्ही तर ऐकलंत ना?"

थोरबेर्गुर म्हणाला, "कान लावून बसलो होतो पोरी. पण अगदी त्याच वेळी इथेही खरखर झाली." मग तो म्हणाला, "मला इथून घेऊन जा. असाच राहिलो तर मी केक खायचंही सोडेन; मेलेला माणूस कुठे खातो?"

स्टेनवोरच्या मावशीकडे अकुरेयरीत तळघराची खोली रिकामी होती. थोरबेर्गुरने मेंढ्यांच्या वाड्याचं फाटक उघडं सोडलं. शेजारी आले, मेंढ्या वाटून घेऊन गेले; कोणी त्याला विचारलं नाही, त्याच्यासमोरूनच नेल्या. शनिवारी दुपारी तो एक बॅग घेऊन गाडीत बसला.

पहिल्या वळणावर तिला ध्वज दिसला. आर्नफ्रीदुरच्या अंगणात, अर्ध्यावर उतरवलेला. पुढच्या शेतावरही तसाच. समोरून एक जीप येत होती. ती कडेला थांबली, तिच्यामागचा दुधाचा टँकरही थांबला. चालक खाली उतरून टोप्या काढून उभे राहिले. अंत्ययात्रेची गाडी जाताना उभे राहतात, तसे. आजच जायचंय हे स्टेनवोरने कुणाला सांगितलं नव्हतं.

थोरबेर्गुरने काचेतून हात हलवला. कोणी उलट हात केला नाही. माना मात्र झुकल्या.

"पोरी," तो म्हणाला, "जरा वेग वाढव. इतक्या हळू नेलंस तर मलाही पटायचं."

तिने काट्याकडे पाहिलं. वीस. ती कधीपासून वीसने चालवत होती, तिला ठाऊक नव्हतं. तिने पाय दाबला, आणि बोगद्यात शिरेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

पलीकडे पेट्रोल पंपावर ते सॉसेज घ्यायला थांबले. खिडकीतल्या मुलीने वर न बघताच त्याला विचारलं, "कांदा कच्चा का तळलेला?"

थोरबेर्गुर नुसता उभा राहिला. मागे रांग लागली.

"अहो काका, कच्चा का तळलेला? संध्याकाळपर्यंत उभं राहायचंय का?"

"दोन्ही," तो म्हणाला. "दोन्ही घाल."

तो मावशीच्या तळघरात सहा वर्षं राहिला. सकाळी पोहण्याच्या तलावावर जायचा, गरम पाण्यात बसून लोकांशी मेंढ्यांच्या जातींवरून भांडायचा. रेडिओ त्याने खोलीत येऊ दिला नाही. स्टेनवोरचा प्रबंध मान्य झाला. ऐकण्याच्या सवयींवर, दुसऱ्याच एका खाडीचा. क्राकुफ्योर्दला ती परत गेली नाही. त्या गुरुवारचं ध्वनिमुद्रण तिच्या फोनमध्ये अजून आहे, पण आपल्यालाही खरखरच ऐकू आली तर, म्हणून ते लावायचा धीर तिला होत नाही.