सड्यावरची मशाल

मार्गशीर्षाची सांज. काजूच्या बनावर धुक्याचे धूसर, दवभिजले वस्त्र उतरत होते. जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सडा अस्तरागाने आरक्त होऊन हळूहळू विझत होता. आणि त्या सड्याच्या माथ्यावर, आभाळाच्या उंबरठ्यावर, तो तांबडा उजेड पुन्हा उमटला. मिटला. पुन्हा उमटला. खाली अंगणात भागीरथीने पदर सावरून हात जोडले.

ती राखणदाराची मशाल होती. गावाची सीव राखणारा, रानवाटा राखणारा, चुकल्यामाकल्याला घरी आणणारा राखणदार. शिमग्यात बापाशी भांडून तिचा मोतीराम सडा चढून गेला, तो परतलाच नाही. तेव्हा तिने गाऱ्हाणे घातले होते, की माझ्या लेकराला बोट धरून घरी आण. पावसाळा सरला आणि आभाळात मशाल पेटली. बुडत्याला काडीचा आधार पुरतो; हिला तर अख्खी मशाल मिळाली होती.

मशाल दिसली की मान खाली घालायची, निरखायचे नाही, मागावर जायचे नाही, ही गावची रीत. म्हणून सारी वाडी हात जोडायची आणि कोणीच पाहायचे नाही. भागीरथीही रोज नवऱ्याशेजारी ओट्यावर बसून नुसती वाट पाहायची. वाट पाहणे हेच तिचे अन्न झाले होते, तेच वस्त्र, तोच श्वास.

पण मशाल जवळ येईना. धुके दाटले, धुके विरले, रानातले गवत सुकून सोनेरी झाले. मशाल आपली तिथल्या तिथे. चालणाऱ्याच्या हातचा उजेड असा एका जागी का खिळावा? आज ती उठलीच. आईच्या काळजाला कसली रीत.

"जाव नको गे," तिचा नवरा, बाबुली, म्हणाला. ती ऐकेना, तेव्हा तोही काठी घेऊन मागोमाग निघाला.

करवंदीच्या जाळ्यांतून, निसरड्या पाऊलवाटेवरून, धापांमागून धापा टाकीत ती चढली. लेकाचे नाव ओठांत होते, लेकाचा चेहरा डोळ्यांत होता. माथ्यावर मोकाट वारा होता; आणि पलीकडच्या गावाच्या अंगाला, तारेच्या कुंपणात, लोखंडाचा उंच सांगाडा उभा होता. मोबाइलचा टॉवर. त्याच्या टोकाला तांबडा दिवा उघडमीट करीत होता.

कुंपणाची तार धरून भागीरथी उभी राहिली. कोणी येत नव्हते. कोणी कधी निघालेच नव्हते. तिने वळून पाहिले, तर बाबुलीची नजर दिव्याकडे नव्हती. तो जमिनीकडे पाहत होता.

"तुमका म्हायत होता?"

"मी पयल्याच सांजेक येवन बघून गेलंय."

"मगे रोज माझ्यावांगडा ओट्यार कित्याक बसलात?"

बाबुलीने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या रातीक तू पोटभर जेवलंस गे. शिमग्यापासून पयल्यांदाच."

वारा वाहत राहिला. तार सोडून भागीरथी म्हणाली, "आता उद्या सांजेक काय बघूचा?"

खालून अंधार चढत आला. वाडी बुडाली, बन बुडाले, वाट बुडाली. आणि त्या दोन वृद्ध, विवर्ण चेहऱ्यांवर तो तांबडा उजेड उगाच पडत राहिला, उगाच विझत राहिला.