बेडशेजारची खाट

आईसाठी कठड्याचा हॉस्पिटल-बेड बसवायला आलेल्या माणसाने खोलीवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, ही खाटही बाहेर काढावी लागेल."

ती खाट बाबांची. आईची आम्ही आदल्या दिवशीच हलवली होती. आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि उद्या ती हॉस्पिटलमधून घरी येणार होती. तिची खोली तयार करायचं काम मी अंगावर घेतलं होतं. घरात मला फौजदार म्हणतात आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं. बाथरूममध्ये आधाराचे दांडे लावून घेतले, पायपुसणी हद्दपार केली, लोंबणाऱ्या वायरी भिंतीला ठोकून टाकल्या. आई परत पडता कामा नये, बस्स. बाकी कोणाला काय वाटतंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

"बाबा, तुमची खाट हॉलमध्ये," मी म्हटलं. "व्हीलचेअर वळायला जागा लागते."

"बरं," बाबा म्हणाले आणि लगेच खुसपटं काढायला लागले. बेड खिडकीखाली नको, तिला वारा लागेल. मधोमध नको, विचित्र दिसतं. बेडवाला बिचारा तो अवजड बेड इकडून तिकडे ढकलत होता. दरवेळी बेडच्या बाजूला किती जागा उरते ते बाबा डोळ्यांनी मोजत होते. हे लक्षात आलं आणि माझं डोकंच फिरलं.

"हॉलमध्ये काय काटे पसरलेत का?"

"मला तिथे झोप लागत नाही."

"तुम्हाला? तुम्ही तर न्हाव्याच्या खुर्चीत दाढी करतानाही घोरता!"

बेडवाला हसला. बाबा हसले नाहीत.

मी विषय बदलून त्यांना बेल दाखवली. ती आईच्या उशीला अडकवायची, दाबली की माझ्या खोलीत वाजणार. बेडवाल्याने दाबून बघितली, तर पलीकडून अशी किंकाळी आली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"तुझी आई ती दाबणार नाही," बाबा म्हणाले.

"का नाही दाबणार?"

"तुझी झोपमोड होईल म्हणून. घसा कोरडा पडला तरी दाबणार नाही." ते त्या नव्या गादीच्या कडेला टेकले. "पडली त्या रात्री तिने दिवासुद्धा लावला नाही. उजेडाने मला जाग येते ना. भिंत चाचपडत बाथरूमला गेली आणि मी इथे ढिम्म झोपलेलो."

आई आम्हाला सगळ्यांना सांगत होती की चप्पल सरकली.

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण गप्प बसेन तर फौजदार कसली! "मग तुम्ही जवळ असून तरी काय उपयोग? तुम्हालाही ती उठवत नाहीच ना?" बोलून गेले आणि जीभ चावली. खरं असलं तरी असं तोंडावर फेकायचं नसतं.

"नाही उठवत," बाबा म्हणाले. "म्हणून तर तिला सांगायचंय. हॉलमधून ओरडून कसं सांगू?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मला एकदम त्यांची फार माया आली. इतकं सगळं मोजूनमापून केलं आणि हा माणूस मापात धरायचा राहूनच गेला होता. मी बेड सरळ भिंतीला लावायला सांगितला. पाहुण्यांसाठीची घडीची खाट काढून त्याच्या बाजूला उघडून बघितली. मावली, अगदी चिकटून. आईला उठवायचं असेल तेव्हा घडी घालायची आणि एरवी व्हीलचेअर पॅसेजमध्ये उभी राहील. बाबांनी स्वतःची उशी आणून त्या खाटेवर ठेवली आणि ती दोनदा थोपटली.

दुसऱ्या दिवशी आई आली. बेडचा रिमोट हातात मिळाल्यावर काही विचारू नका! आधी डोकं वर, मग पाय वर. "अगं, हा मला घडी घालून कपाटात ठेवणार की काय!" शेवटी तिने बेड खाली खाली नेत बाबांच्या खाटेच्या बरोबरीला आणला. "हा तरी सांगितलेलं ऐकतो," बाबांकडे बघून म्हणाली.

बाबांनी बरंच काही बोलायचं ठरवलं असणार. घसा खाकरून एवढंच म्हणाले, "काहीही लागलं तरी मला उठवायचं. कळलं?"

"बरं," आई म्हणाली. आमच्या घरात 'बरं' म्हणजे या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

जेवणं झाल्यावर दोघं आडवी झाली. ती हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून बाबांची झोप उडालेली, त्यामुळे पाठ टेकताच घोरायला लागले. मी दारातून डोकावले तर आई जागी होती आणि ओठांवरून जीभ फिरवत होती. खाट उघडल्यामुळे पाण्याचं स्टूल बाबांच्या पलीकडे गेलं होतं. इतकी तयारी करून नेमकं हेच माझ्या नजरेतून सुटलं होतं. तिचा हात बेडच्या कठड्याकडे गेला. खिट्टी काढून, हळूच, आवाज न करता पाण्यापर्यंत पोचायला जमेल का, याचा ती अंदाज घेत होती. मी ओरडणारच होते.

तिने बाबांकडे पाहिलं. तोंड उघडं टाकून घोरत होते. बराच वेळ ती बघत राहिली. मग खिट्टीवरचा हात काढून तिने तो कठड्याच्या गजांमधून घातला आणि बाबांच्या खांद्यावर ठेवला.

"अहो."

घोरणं चालूच.

"अहो, उठा ना. मला पाणी हवंय."

बाबा धडपडून उठले. चष्मा शोधायच्या गडबडीत अर्धं पाणी सांडलं. "कधीपासून हाक मारतेस?"

"आत्ताच मारली."

"खरं?"

"खरं सांगते."

ती पाणी प्यायली. बाबा रिकामा ग्लास धरून तसेच उभे राहिले, डोळे पाण्याने भरलेले. "अजून देऊ?"

"नको. झोपा तुम्ही," आई म्हणाली. "परत उठवीन."