सुब्राय भागवतांची हनुवटी

मी एक मापपट्टी. स्टीलची, वीतभर लांब. माझं एक टोक नाकाखाली टेकवतात, माझ्यावरचा सरकता काटा हनुवटीखाली आणतात. तोंडात एकही दात नसला, की कवळी किती उंच बसवायची ते माझ्यावरून ठरतं.

होन्नावरला डॉक्टर नागवेणींच्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. तिथेच सुब्राय भागवत आले. यक्षगानाच्या मेळ्याचे भागवत, म्हणजे मुख्य गायक. पानतंबाखूनं हिरड्या खाल्ल्या, मागोमाग दात गेले. हनुवटी नाकाला भिडायला आलेली.

"डॉक्टरीणबाई, खायला मला गंजी पुरते, भाताची पेज. मला 'स' हवाय. मी सीता म्हणतो, लोकांना फीता ऐकू येतं. फित्यासाठी का राम लंकेला गेला?"

"माझ्याशी भांडताना बरं एक अक्षर चुकत नाही!" त्यांची बायको कावेरक्का म्हणाली.

नागवेणींनी त्यांना ताठ बसवलं. "ओठ सैल सोडा. अम्मा म्हणा." तोंड निवांत मिटलं तशी मी टेकले. त्या मापात किंचित कमी करून त्यांनी कवळी बनवली.

कवळी बसली आणि गालांचे खड्डे भरले. कावेरक्का बघतच राहिली. "अगं बाई, लग्नातला चेहरा!"

भागवतांनी मात्र आरसा बाजूला सारून तान घेतली. तोंड उघडताच खालची कवळी उचलली गेली, दातांवर दात खडखडले. नागवेणींनी उंची कमी केली. खडखड थांबली, पण ओठ पुन्हा आत गेले आणि सीतेची फीता झाली. थोडी वाढवली, पुन्हा खडखड. किती वेळा मला त्या हनुवटीला लावलं! मला दोन्ही मापं नीट दाखवता येत होती. पण त्यांना हवी होती ती उंची माझ्या आकड्यांत कुठेच नव्हती.

शेवटी नागवेणी म्हणाल्या, "भागवत, माप चुकत नाहीये. कवळीनं धरून बसावं असं हाडच उरलं नाही."

"मग राहू दे," ते म्हणाले.

मेळ्यानं दुसरा भागवत घेतला. सुब्राय घराच्या पडवीत बसून असत. कवळी लावत नसत, बोलतही नसत फारसं. कावेरक्का मुद्दाम भांडण उकरून काढायची, तरी ते नुसती मान हलवत.

पुढच्या श्रावणात ते गेले. कावेरक्कानं नागवेणींना बोलावून घेतलं. "बाई, लोक दर्शनाला यायचेत. या तोंडानं नको पाठवायला त्यांना."

नागवेणींनी कवळी धुतली, पहिल्या उंचीला आणली आणि हळूच बसवली. सवयीनं मला नाकाखाली टेकवलं. हनुवटी थंड होती. माप तंतोतंत जुळलं.

"आत्ता सुरू करतील असं वाटतंय," कावेरक्का म्हणाली, आणि कितीतरी वेळ त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

आता मी खणात असते. दवाखान्यात माणसं येतात, नागवेणी नवी पट्टी घेतात. मला बाहेर काढू नका. त्या थंड हनुवटीवर मी बरोबर आले, तेवढं माझ्यासाठी फार झालं.